व्हीएममध्ये डीएनएस बदलतो, सकाळी पुन्हा जैसे थे!

भिरंडसोल

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

फोंड्याला एका काजूच्या घाऊक दुकानात मी हिशेब बघतो. कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटत नाही, एवढ्या एका पात्रतेवर तिथली सगळी यंत्रंही माझ्याच गळ्यात आली आहेत. कोपऱ्यात एक जुनी पेटी आहे, तिच्यावर बिलांचा प्रोग्राम चालतो. माझ्या आधीच्या माणसाने तीच पेटी ऑफिसपुरती डीएनएस सर्व्हर (नाव विचारलं की यंत्राचा पत्ता सांगणारी) करून ठेवली आहे, आत डीएनएसमास्क हा त्याचा प्रोग्राम. तिचा पत्ता १९२.१६८.१.१०. राऊटर मात्र सगळ्यांना स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून वाटतो, १९२.१६८.१.१. तो राऊटर इंटरनेट देणाऱ्यांचा, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि त्यांचा माणूस 'उद्या येतो' म्हणाला त्याला आता दोन चतुर्थ्या झाल्या.

माझ्या विंडोज लॅपटॉपला हाताने डीएनएस दिलाय, तो बिनतक्रार चालतो. त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम (यंत्राच्या आतलं आभासी यंत्र) करून उबुंटू २२.०४ हे लिनक्स टाकलंय, नेटवर्क ब्रिज्ड, म्हणजे व्हीएम थेट ऑफिसच्या नेटवर्कवर. आत जाऊन इटीसीतल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाईलमध्ये 'नेमसर्व्हर १९२.१६८.१.१०' लिहिलं, डिग (डीएनएसला नाव विचारणारी आज्ञा) चालवून पाहिलं, पेटीचा पत्ता आला. खूश होऊन घरी गेलो. सकाळी व्हीएम चालू केली तर माझी ओळ गायब आणि तिथे १२७.०.०.५३ असा कुठलातरी भलताच पत्ता. हे सलग तीन दिवस. कोण पुसतं?

मोबाईलवर मराठी कळफलकाने टंकतोय, त्यामुळे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. सांभाळून घ्या.

रापणकार

आमच्याकडे वाळूत काढलेली रांगोळी सकाळी जाते तेव्हा आम्ही भरतीला विचारतो, फोरमवर येत नाही. 😄

स्वागत हो. आता तज्ज्ञ येतील, पाच जण पाच उपाय सांगतील.

आबा_म्हापसा

भिरंडसोल, ऑफिसातली किती नावं लागतात तुला? एक? दोन? मग एवढा खटाटोप कशाला! इटीसीतल्या हॉस्ट्स फाईलमध्ये एक ओळ लिही: आधी पत्ता, मग नाव. ती फाईल कोणी पुसत नाही. मी निवृत्त होईपर्यंत अख्ख्या खात्याची चौदा यंत्रं तशीच चालवली.

जुवारीपार

आबा, चौदा यंत्रं म्हणजे चौदा फाईली. एका यंत्राचा पत्ता बदलला की चौदा ठिकाणी हात. पण ते राहू दे.

भिरंडसोल, आधी एक काम करा. 'एलएस हायफन एल' देऊन रिझॉल्व्ह.कॉन्फ बघा. माझी पैज आहे की ती मुळात फाईलच नाही, बाण आहे. तो /रन/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह/ या फोल्डरातल्या स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे बोट दाखवत असेल. 'रन' फोल्डर मेमरीत असतं, यंत्र बंद झालं की ते जातं. सकाळी सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही सेवा उठते आणि ती फाईल नव्याने लिहिते. तुमची ओळ कोणी पुसत नाही, तुम्ही ती भाड्याच्या खोलीच्या भिंतीवर लिहिलीय.

१२७.०.०.५३ भलता नाही. ती ह्याच सेवेची खिडकी आहे, तुमच्याच यंत्रात. सगळे प्रोग्राम तिथे नाव विचारतात आणि ती पुढे खऱ्या सर्व्हरला विचारते. तो 'खरा सर्व्हर' कोण, ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' दिल्यावर दिसतं. ते इथे डकवा.

नवशिका_२२

माझ्याकडे एकच उपाय आणि दोन वर्षं चालतोय. फाईल लिहा, मग 'सीएचएटीटीआर प्लस आय'. कुलूप. रूटचा (यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा) बापही बदलू शकत नाही. पुढचा धागा घ्या.

जुवारीपार

नवशिका, बाणावर कुलूप लागत नाही, 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' असं तोंडावर येतं. म्हणजे तुम्ही आधी बाण पुसून खरी फाईल केली असणार, ते सांगायचं राहिलं.

आणि हो, चालतं. पण सहा महिन्यांनी तुम्हीच विसरता. आमच्या वेर्ण्याच्या एका ऑफिसात असंच कुलूप लावलेली व्हीएम मिळाली होती. लावणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. रूट असूनही फाईल लिहिता येत नाही म्हणून आम्ही डिस्क खराब झाली इथपर्यंत पोचलो होतो. दुपारचे दोन तास गेले, डब्यातलं हुमण थंड झालं. शेवटी कोणीतरी 'एलएसएटीटीआर' मारून पाहिलं तर एक चिमुकला 'आय'.

फाईल कोण लिहितं ते शोधा आणि त्यालाच सांगा. त्याच्याशी कुस्ती कशाला?

नवशिका_२२

मान्य, बाण पुसला होता. 🙈

कुळागर

मी पुण्यात क्लाऊडचं काम करतो, गाव सावईवेरे. उबुंटू सर्व्हर असेल तर लिहिणारा नेटप्लॅन. इटीसी/नेटप्लॅनमध्ये यामल फाईल असते, तिथे 'नेमसर्व्हर्स' आणि त्याखाली 'ॲड्रेसेस'. भाड्याच्या व्हीएमवर तिचं नाव ५०-क्लाऊड-इनिट असतं. तिला हात लावू नका, क्लाऊड-इनिट (भाड्याची व्हीएम उभी करणारा प्रोग्राम) ती पुन्हा लिहू शकतो. ९९ने सुरू होणारी आपली वेगळी फाईल करा.

इथे एक खोच आहे. दोन फाईली एकत्र होतात तेव्हा पत्त्यांच्या याद्या एकमेकींना जोडल्या जातात, नवी जुनीला खोडत नाही. शिवाय डीएचसीपीने (राऊटर आपोआप पत्ते वाटतो ती पद्धत) आलेले पत्तेही राहतात. ते नको असतील तर 'डीएचसीपी४-ओव्हरराइड्स' खाली 'यूज-डीएनएस: फॉल्स' लिहावंच लागतं. निम्मे लोक इथेच अडकतात.

आणि कृपया 'नेटप्लॅन अप्लाय' आंधळेपणाने मारू नका. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी गावी होतो. ओसरीवर माटोळी बांधायचं काम चाललेलं, मी स्टुलावर उभ्या काकांना एका हाताने सुपारीचा घोस धरून देतोय आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकाच्या व्हीएमचा डीएनएस बदलतोय. घाईत 'डीएचसीपी४: ट्रू' ही ओळच पुसली. अप्लाय. कर्सर तिथेच थिजला. व्हीएमला पत्ताच उरला नाही, एसएसएच (लांबून आत शिरायची वाट) गेलं. मग कुळागराच्या वरच्या टोकाला, जिथे मोबाईलला दोन दांड्या मिळतात, तिथे फणसाच्या मुळावर बसून सेवादाराच्या वेब कन्सोलमधून आत शिरलो. घोस काकांच्या डोक्यावर पडला तो वेगळाच.

'नेटप्लॅन ट्राय' मारलं असतं तर १२० सेकंदांत मी हो म्हटलं नाही म्हणून सगळं आपोआप पूर्ववत झालं असतं.

रापणकार

सुपारीच्या घोसालाही 'ट्राय' हवं होतं.

भिरंडसोल

सर्वांचे आभार. जुवारीपार ताई, पैज जिंकलात, बाणच आहे. माझं उबुंटू डेस्कटॉपवालं, सर्व्हरवालं नाही. नेटप्लॅनच्या फोल्डरात एकच फाईल आहे, तिच्यात तीन-चार ओळी आणि शेवटी 'रेंडरर: नेटवर्कमॅनेजर'.

स्टेटसमध्ये 'करंट डीएनएस सर्व्हर: १९२.१६८.१.१' दिसतंय. म्हणजे राऊटरच.

जुवारीपार

झालं तर मग. डेस्कटॉपवर मालक नेटवर्कमॅनेजर. त्याला सांगायचे दोन रस्ते. माउसचा रस्ता: सेटिंग्ज, नेटवर्क, दातेरी चाक, आयपीव्ही४, तिथे डीएनएससमोरचं 'ऑटोमॅटिक' बंद करा आणि खाली पत्ता लिहा. नुसता पत्ता लिहून ऑटोमॅटिक चालूच ठेवलं तर राऊटरचा पत्ताही यादीत राहतो.

टंकायचा रस्ता: 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', मग जोडणीचं नाव, मग 'आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.१.१०' आणि 'आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस'. नंतर 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' आणि तेच नाव. जोडणीच्या नावात मोकळी जागा असते, ते अवतरणात घाला.

रेड हॅट, फेडोरा, तिथेही हेच चालतं.

सांजवात

धागा छान चाललाय, पण मला राहवत नाही. मी कॉलेजात नेटवर्किंग शिकवते. डीएनएसमधलं 'सीनेम' म्हणजे एका नावाचं दुसरं नाव. हे मुलांना समजावताना मी पणजीच घेते. पणजी, पोणजें, पंजिम, आणि १८४३ साली पोर्तुगीजांनी राजधानी केली तेव्हाचं 'नोव्हा गोवा'. चार नावं, पत्ता एक.

रापणकार

ताई, तुमच्या चौथ्या नावाचा टीटीएल (उत्तर जपून ठेवायची मुदत) कधीच संपला, पण आमच्या शेजारणीच्या कॅशमध्ये (जपून ठेवलेल्या उत्तरांत) अजून आहे.

आणि उलटं उदाहरण घ्या: एक नाव, दोन पत्ते. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झालं तेव्हापासून पाहुण्यांनी टॅक्सीवाल्याला 'गोवा एअरपोर्ट' म्हणायचं आणि जायचं देवाच्या भरवशावर. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. माझा मेव्हणा बॅग घेऊन दाबोळीला पोचला, विमान मोप्याहून. त्याला कोणीही 'नाव सापडत नाही' म्हणालं नाही. उत्तर मिळालं, फक्त चुकीचं.

आबा_म्हापसा

आमचा पोदेर बघा. सायकलवर पाव घेऊन येतो, पों पों करतो. त्याला ना पिनकोड लागतो ना घर नंबर. कोणाला उंडे, कोणाला पोळी, कोणाकडे आज उपास, सगळं डोक्यात. तीच माझी हॉस्ट्स फाईल.

सांजवात

आबा, तुम्ही थट्टेत म्हणालात, पण इतिहास तुमच्याच बाजूने आहे. आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, अगदी तसंच होतं. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॉस्ट्स.टीएक्सटी नावाची एकच फाईल ठेवलेली, सगळ्यांनी ती उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी फाईल झेपेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ८८२ आणि ८८३. आज आपण मानतो ती मूळ मांडणी १९८७ची, १०३४ आणि १०३५.

म्हणजे पोदेर एका वाड्याला पुरतो, तालुक्याला नाही.

आबा_म्हापसा

भिरंडसोलचं ऑफिस वाड्याएवढंच आहे हो.

भिरंडसोल

परत आलो. काल दुपारी करंट गेला आणि तो रात्रीच आला, म्हणून उशीर.

ताईंनी सांगितलं तसं केलं. व्हीएम बंद करून चालू केली, सेटिंग टिकलं! पण स्टेटसमध्ये आता दोन सर्व्हर दिसतात: १९२.१६८.१.१० आणि दुसरा 'एफई८०'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता. हा कुठून आला?

दुसरं, यादीत गूगलचा ८.८.८.८सुद्धा टाकून ठेवू का? पेटी बंद पडली तर निदान इंटरनेट तरी चालेल. आणि क्लाऊडफ्लेअरचा १.१.१.१ बरा की ८.८.८.८?

जुवारीपार

लांबलचक पत्ता राऊटरचाच, आयपीव्ही६वरून आलेला. आपण पुढचं दार लावलं, तो परसदारातून आला. 'आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस' हेही द्या. ही चूक माझी, आधीच सांगायला हवं होतं.

८.८.८.८ टाकू नका. का ते सांगते, कारण या धाग्यातली खरी गोम हीच आहे.

लोकांना वाटतं पहिल्याला नाव सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारतात. तसं नाही. तुम्ही वाड्यावर जाऊन विचारलंत, 'अमुक इथे राहतात का?' आणि घरातून 'नाही, असं कोणी नाही' आलं, तर ते उत्तर झालं. तुम्ही परत फिरता. शेजारी विचारता ते कधी, तर दाराला कुलूप असेल तेव्हा. डीएनएसचंही तसंच: पहिला सर्व्हर गप्प राहिला तरच दुसरा. 'नाही' म्हणाला तर विषय संपला.

आता तुमच्या ऑफिसात काय होईल बघा. करंट गेला. पेटी बंद, तुमचा लॅपटॉप बॅटरीवर. रिझॉल्व्हडने पेटीला विचारलं, उत्तर नाही, मग तो ८.८.८.८कडे गेला. करंट आला, पेटी उठली. पण रिझॉल्व्हड चालू असलेल्या सर्व्हरला धरून बसतो, तो बिघडेपर्यंत सोडत नाही. गूगलला तुमच्या काजूच्या पेटीचं नाव कुठून माहीत असणार? तो म्हणतो 'असं नाव नाही'. इंटरनेट धडधडीत चालू आणि बिलं बंद. तुम्ही दिवसभर पेटी तपासत बसाल, आणि पेटी ठणठणीत.

यादीतले सगळे सर्व्हर एकच उत्तर देणारे असले पाहिजेत. नाहीतर एकच ठेवा आणि पेटीला यूपीएस घ्या.

कुळागर

ताईंना +१. आल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये (व्हीएमसारख्याच, पण हलक्या डब्यात) याहून मजा. तिथे नावं शोधणारी मसल लायब्ररी सगळ्या सर्व्हरांना एकदमच विचारते, जो आधी बोलेल तो खरा. एक आतला, एक बाहेरचा ठेवलात तर नाव कधी सापडतं, कधी नाही. नुसता मटका.

क्लाऊडवाल्यांसाठी: ॲमेझॉनच्या व्हीपीसीत (क्लाऊडमधल्या खासगी नेटवर्कमध्ये) पत्त्यांच्या पट्ट्याच्या सुरुवातीपासून दुसरा पत्ता डीएनएसचा असतो, अझ्युरमध्ये १६८.६३.१२९.१६. तो काढून सरळ ८.८.८.८ टाकलात की आतली खासगी नावं गेली. स्वतःचा सर्व्हर जरूर लावा, पण जे त्याला येत नाही ते त्याने ह्या पत्त्याला विचारावं असं सांगून ठेवा.

कांदोळीची_शिफ्ट

दुसऱ्या सर्व्हरवरून माझंही एक दुखणं. मी हॉटेलात रात्रपाळीला. एका ३१ डिसेंबरला बुकिंगचं पान रखडायला लागलं. बंद नाही, रखडलेलं. प्रत्येक पाहुण्यामागे काही सेकंद शांतता, मग सगळं झटकन. समोर रांग, मागे ढोल. सॉफ्टवेअर देणारे फोनवर 'तुमचं इंटरनेट हळू आहे' एवढंच.

वेळ जाईना म्हणून मी काउंटरवर बोटाने ठोके मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच. पान. पुढचा पाहुणा. एक ते पाच. पान. कधी चार नाही, कधी सहा नाही. इंटरनेट हळू असेल तर असं घड्याळ लावल्यासारखं हळू असतं का? हेच मी आमच्या आयटीच्या पोराला सांगितलं, तो दोन मिनिटांत ओरडला, 'डीएनएस!' यादीतला पहिला सर्व्हर मेला होता. लिनक्स त्याची पाच सेकंद वाट बघायचा, मग दुसऱ्याला विचारायचा. प्रत्येक वेळी नव्याने.

कुळागर

शाब्बास! जुन्या सर्व्हरवर जिथे रिझॉल्व्हड नसतो तिथे अगदी असंच. तिथे नावं शोधणाऱ्या जीलिबसी लायब्ररीचा ठरलेला थांबा ५ सेकंदांचा. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 'ऑप्शन्स टाइमआउट:१' लिहिलं की एकावर येतो. आणि नेमसर्व्हरच्या ओळी ती तीनच वाचते, चौथीपासून पुढच्या नुसत्या शोभेच्या. मी पाच ओळी लिहून निर्धास्त झोपणारे लोक पाहिलेत.

नवशिका_२२

१.१.१.१ की ८.८.८.८ ते राहिलंच.

सांजवात

दोन्ही चालतात. ८.८.८.८ डिसेंबर २००९ पासून आहे, १.१.१.१ क्लाऊडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ला जाहीर केला आणि लोकांना आधी थट्टाच वाटली. एक फरक लक्षात ठेवण्यासारखा: तुम्ही साधारण कुठल्या भागातून विचारताय ते गूगलचा सर्व्हर पुढच्या सर्व्हरला कळवू शकतो, क्लाऊडफ्लेअरचा मुद्दाम कळवत नाही. पहिल्याने कधी व्हिडिओ जवळच्या सर्व्हरवरून येतो, दुसऱ्याने खासगीपणा जास्त. धोकादायक साइट अडवणारा हवा असेल तर ९.९.९.९.

रापणकार

माझा मोबाईल नंबरही असा असता तर लोकांनी लग्नाला बोलावलं असतं.

भिरंडसोल

आयपीव्ही६चं केलं. स्टेटसमध्ये आता एकटी पेटी. ८.८.८.८ टाकलं नाही. गूगल उघडतं, बातम्या उघडतात.

पण बिलांचं पान उघडत नाही! रडायचा बाकी आहे. पिंग म्हणतो 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन'. आणि गंमत म्हणजे डिगला 'ॲट १९२.१६८.१.१०' असं थेट सांगून विचारलं की पत्ता बरोब्बर येतो. त्याच लॅपटॉपच्या विंडोजमध्येही पान उघडतं. पेटीला नाव माहीत आहे, व्हीएमला पेटी माहीत आहे, मग मध्ये कोण बसलंय?

जुवारीपार

अहो, नाव काय आहे ते तुम्ही अजून सांगितलेलंच नाही! पेटीचं पूर्ण नाव लिहा.

भिरंडसोल

हिशेब.लोकल

जुवारीपार

🤦‍♀️

कुळागर

हात्तिच्या! लोकल!

जुवारीपार

भिरंडसोल, दोष तुमचा नाही, नाव ठेवणाऱ्याचा. आणि त्याचाही फारसा नाही, एके काळी सगळे असंच नाव ठेवायचे. पण २०१३च्या आरएफसी ६७६२ने 'लोकल' हे शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं. प्रिंटर वगैरे आपापलं नाव सांगतात ते ह्याच रस्त्याने. त्यात कुठल्या सर्व्हरला विचारायचंच नसतं. २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर, सगळ्या वाड्याला हाक मारायची: 'हिशेब कोण आहे रे?' ज्याचं नाव हिशेब तो ओ देतो. तुमची पेटी ओ देत नाही, कारण तिला ही हाक ऐकायला कोणी शिकवलंच नाही.

इटीसीतली एनएसस्विच.कॉन्फ उघडा. 'हॉस्ट्स'च्या ओळीत हे दिसेल: फाइल्स, मग एमडीएनएस४_मिनिमल, मग चौकटी कंसात नॉटफाउंड=रिटर्न, मग डीएनएस. म्हणजे आधी हॉस्ट्स फाईल बघा. मग लोकलवालं नाव असेल तर हाक मारा. कोणी ओ दिली नाही तर तिथूनच परत फिरा. डीएनएसची पाळीच येत नाही. तुम्ही इतके दिवस डीएनएस दुरुस्त करताय आणि हे नाव डीएनएसपर्यंत पोचतच नव्हतं.

डिगने फसवलं, कारण डिग ही फाईल बघतच नाही, सरळ सर्व्हर गाठतो. खरी परीक्षा 'गेटेंट हॉस्ट्स हिशेब.लोकल'. बाकीचे प्रोग्राम नाव शोधतात त्याच वाटेने तो जातो.

सांजवात

पुढच्या परीक्षेला हा प्रश्न घालते. दहा गुण.

रापणकार

म्हणजे मेव्हण्याची केस! डिग मोप्याला गेला, पिंग दाबोळीला.

आबा_म्हापसा

जरा थांबा. त्या ओळीत पहिलं काय लिहिलंय? 'फाइल्स'. म्हणजे हॉस्ट्स फाईल. म्हणजे पहिल्या दिवशी मी सांगितलेली एक ओळ या पोराने लिहिली असती तर ते हाक मारणं, ती चौकट, तो डीएनएस, कशाचीच पाळी आली नसती.

मी काही बोलत नाही. चहा ठेवलाय.

जुवारीपार

आबा, दंडवत. 🙏 या केसपुरते तुम्हीच बरोबर. आज बिलं चालू करायची तर तीच ओळ लिहा, भिरंडसोल.

पण नाव मात्र बदला. आज एक व्हीएम आहे, उद्या मालक दुसरं लिनक्स आणतील आणि पुन्हा हाच तमाशा. 'होम.अर्पा' हे शेपूट २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठी राखीव आहे, आणि 'इंटरनल' हे २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) खासगी वापरासाठी बाजूला काढलंय. ही दोन्ही बाहेर कोणालाच विकली जाणार नाहीत. एनएसस्विचमधली ती चौकट काढून टाकणारेही भेटतील, पण मग प्रत्येक नव्या यंत्रात तेच करत बसा.

नवशिका_२२

ती फाईल लिहून 'प्लस आय' मारलं तर?

जुवारीपार

नाही!!

भिरंडसोल

देव बरें करूं सगळ्यांचं.

परवा आबांची ओळ लिहिली, बिलं तात्काळ उघडली. काल रात्री दुकान बंद झाल्यावर पेटीत शिरलो, डीएनएसमास्कमध्ये नाव बदलून 'हिशेब.इंटरनल' केलं, सेवा पुन्हा चालू केली. मग व्हीएममधून आबांची ओळ काढली (आबा, माफी) आणि 'गेटेंट' मारलं. १९२.१६८.१.१०. बंद करून चालू केली, पुन्हा मारलं. तेच. घरी जाऊन, झोपून, सकाळी येऊन मारलं. तेच! यूपीएसचं मालकांना सांगितलंय, ते म्हणाले सीझन संपल्यावर बघू.

एक शंका उरली. 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' द्यायची गरज होती का? मी दिली नाही.

जुवारीपार

व्हीएम बंद केलीत तेव्हाच कॅश गेली. विंडोजला मात्र 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' देऊन टाका. आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवरचे शॉर्टकट बदललेत ना? त्यात अजून जुनंच नाव असेल.

भिरंडसोल

चार बदलले. मालकांच्या केबिनमधला राहिला, आणि ते आत्ताच दारातून विचारतायत की बिलं कुठे गेली. पळतो.